गालिच्यांना पिवळा रंग देणारं ‘डायर्स कॅमोमाईल’

शेवंतीच्या कुळातली ही बहुवर्षायू वनस्पती मूळची युरोप आणि पश्चिम आशियातली. ‘कोटा टिंक्टोरिया’ या तिच्या शास्त्रीय नावातच काम सांगितलंय: ‘टिंक्टोरिया’ म्हणजे रंगवण्यासाठी वापरली जाणारी. चहात घालतात त्या कॅमोमाईलच्या पाकळ्या पांढऱ्या असतात, हिच्या पिवळ्याधमक.

रंग फुलांमधून निघतो. लोकर आधी तुरटीच्या गरम पाण्यात मुरवतात, मग फुलांच्या काढ्यात शिजवतात. तुरटीशिवाय रंग नीट धरत नाही. हाच पिवळा धागा निळीत बुडवला की हिरवा होतो.

तुर्कस्तानातल्या विणकरांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त रासायनिक रंग आले आणि गावोगावची ही माहिती पुसली गेली. जर्मन शिक्षक हाराल्ड ब्योमर यांनी जुन्या गालिच्यांमधल्या रंगांचं रासायनिक विश्लेषण करून मूळ वनस्पती शोधल्या. त्यातूनच १९८१ मध्ये आयवाजिक परिसरातल्या गावांत ‘डोबाग’ प्रकल्प सुरू झाला आणि चुलीवर पुन्हा फुलांचा काढा चढला.

बागेत लावायची तर भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी, खताचे लाड नकोत. बहर ओसरताच झाड बुंध्यालगत छाटावं, नाहीतर ‘बहुवर्षायू’ असूनही ते दोन-तीन वर्षांतच संपतं.