झमझमचा घोट

शिरूरच्या घोडनदीकाठी मी वाढलो, दौंडला शिक्षक झालो. दोन्ही गावी कुणी हाजी परतला की भेटीला जायचे, हा माझा नेम. काशीकरांचे जसे मावंदे, तसाच हा सोहळा. प्रसाद मात्र खजूर आणि झमझमचा घोट.

मक्केत काबाजवळची ही विहीर सुमारे ३० मीटर खोल आहे. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला जहाजे जात. दौंडकर आगगाडीने मुंबई गाठत. शिरूरला रेल्वे नाही, तेथून आधी मोटारीने पुणे. पूर्वी हे पाणी डाख देऊन बंद केलेल्या पत्र्याच्या डब्यांतून येई. आता विमान, हाजीमागे ५ लिटरचा कॅन, तोही परतल्यावर विमानतळावर मिळतो. सामानात वेगळे पाणी भरू नये.

पाच लिटर आणि अख्खी आळी! मग घरची बाई घागरभर साध्या पाण्यात थोडे झमझम मिसळते. पिणारा पश्चिमेला तोंड करतो, बिस्मिल्ला म्हणतो, तीन घोटांत पितो, मनात दुआ मागतो.

एक बाटली मात्र फडताळात फडक्याने बांधून ठेवलेली असते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या अखेरच्या घोटासाठी. देव्हाऱ्यातला गंगेचा गडू कशासाठी असतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. ती बाटली वाटणीत येत नाही.