व्हांतूच्या चढणीचा दिवस

युरोपीय प्रबोधनाचा इतिहास सांगणाऱ्या ग्रंथांत २६ एप्रिल १३३६ या दिवसाला मोठे मानाचे स्थान लाभले आहे. फ्रांचेस्को पेत्रार्क हा एकतीस वर्षांचा इटालियन कवी त्या दिवशी आजच्या दक्षिण फ्रान्समधील व्हांतू पर्वताच्या माथ्यावर चढला आणि रात्री पायथ्याशी परतला. या चढाईची हकीकत त्याच्याच एका लॅटिन पत्रात आहे. याकोब बुर्कहार्ट यांनी १८६० साली प्रसिद्ध केलेल्या इटालियन प्रबोधनावरील ग्रंथात निसर्गसौंदर्याच्या शोधाचे विवेचन करताना या पत्राला अग्रस्थान दिले. मिडलमोर यांच्या १८७८ च्या इंग्रजी भाषांतरातून तो ग्रंथ आपल्या विद्यापीठांत पोहोचला आणि वाङ्मयेतिहासाच्या वर्गांतून पेत्रार्क 'पहिला आधुनिक माणूस' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या निवडक पत्रांच्या १८९८ सालच्या एका अमेरिकन संकलनाने तर ही पदवी थेट ग्रंथनामातच गोवली. केवळ पाहण्याच्या इच्छेने पर्वतावर चढणारा पहिला माणूस, अशी त्याची प्रतिमा रूढ झाली. या प्रतिमेत तथ्य किती आणि ती ज्या पत्रावर उभी आहे ते पत्र नेमके काय सांगते, हे पुन्हा तपासण्यासारखे आहे.

प्रथम पर्वताविषयी. व्हांतूची उंची सुमारे १,९१० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा अडीचशे मीटरांनी अधिक. आल्प्सच्या मानाने ही उंची किरकोळच. पण हा पर्वत रोन नदीच्या खोऱ्याच्या कडेला एकटा उभा असल्यामुळे कित्येक कोसांवरून नजरेत भरतो. माथा पांढऱ्या चुनखडीच्या फुटक्या दगडांचा आहे. भर उन्हाळ्यातही दुरून पाहणाऱ्यास तिथे बर्फ असल्याचा भास होतो. वाऱ्याबद्दल तर त्याची ख्याती आहेच. मालोसेन हे पायथ्याचे गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरांवर असल्यामुळे एका दिवसात दीड हजार मीटरांहून अधिक चढायचे आणि तितकेच उतरायचे, असा हा हिशेब होतो. आज माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, १९५१ पासून 'तूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीचे स्पर्धकही तो चढतात. पायी जाणाऱ्याला मात्र मालोसेनहून निघून त्याच दिवशी परतणे अजूनही कसाला लावणारे आहे.

पेत्रार्कचे बालपण १३१२ पासून याच पर्वताच्या दृष्टिपथातील कार्पांत्रा या गावी गेले. लहानपणापासून समोर दिसणारा हा डोंगर चढून पाहावा, असे त्याच्या मनात बरीच वर्षे होते. निमित्त मिळाले ते एका ग्रंथाचे. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप इसवी सनापूर्वी १८१ साली हीमस पर्वतावर चढला, कारण तेथून दोन समुद्र एकाच वेळी दिसतात अशी लोकसमजूत होती, ही रोमन इतिहासकार लिव्हीने दिलेली कथा त्याच्या वाचनात आली. म्हाताऱ्या राजाला जे शोभले ते एका तरुण खाजगी माणसाला क्षम्य ठरावे, असा युक्तिवाद तो करतो. लिव्हीच्या कथेचा शेवट येथे लक्षात घेण्याजोगा आहे. माथ्याजवळ फिलिपच्या मंडळींना दाट धुके लागले; आणि खाली आल्यावर त्यांनी लोकसमजुतीला विरोध केला नाही, तो बहुधा आपले हसे होऊ नये म्हणून, अशी शंका लिव्हीने नोंदवली आहे. शिखरावरून परतणाऱ्या माणसाच्या साक्षीविषयीचा हा संशय पेत्रार्कच्या आदर्शातच दडलेला होता.

सोबती निवडण्याचा प्रसंग पत्रात मोठ्या मिस्किलपणे रंगवलेला आहे. एकेक मित्र डोळ्यांपुढे येतो आणि बाद होतो. कुणी फार संथ, कुणी फार उतावळा, कुणी खिन्न, कुणी नको इतका आनंदी. घरी खपून जाणारे दोष प्रवासात जड होतात, हे त्याचे निरीक्षण दूरचा प्रवास केलेल्या कोणालाही पटावे. अखेर धाकटा भाऊ गेरार्दो ठरतो. बरोबर प्रत्येकाचा एक नोकर. मालोसेनला एक दिवस मुक्काम करून पहाटेपूर्वी ते निघतात. उतारावर त्यांना एक वृद्ध धनगर भेटतो. पन्नास वर्षांपूर्वी आपणही अशाच उमेदीने माथा गाठला होता आणि खडकांनी व काटेरी झुडपांनी फाटलेले अंग व कपडे आणि पश्चात्ताप एवढेच घेऊन परतलो, असे सांगून तो त्यांना परत फिरण्याची विनवणी करतो. ती कोणी ऐकत नाही, तेव्हा तोच पुढे होऊन वाट दाखवतो. जादा कपडे आणि ओझे त्याच्याकडे ठेवून भाऊ चढू लागतात.

गेरार्दो कड्याच्या धारेने सरळ वर निघतो. पेत्रार्क सोपी वाट शोधत दऱ्यांत उतरतो, लांबचा फेरा घेतो, दमतो आणि पुन्हा खालीच राहिलेला असतो. हे एकदा नव्हे, तर तीन-चार वेळा घडते. शेवटी एका दरीत बसून तो स्वतःच्या आळसावर विचार करू लागतो: सुखी जीवनही असेच उंचावर आहे, वाट अरुंद आहे, आणि आपण मात्र देहसुखांच्या दऱ्यांत रेंगाळतो आहोत. या विचाराने बळ येऊन तो माथा गाठतो. माथ्याला तिथले लोक 'फिलिओलस', म्हणजे लहानगा मुलगा, म्हणतात. हा तर सगळ्या डोंगरांचा बाप दिसतो, मग हे नाव उलट्या अर्थानेच पडले असावे, अशी टिप्पणी तो करतो.

पायांखाली ढग होते. इटलीच्या दिशेला बर्फाच्छादित आल्प्स, उजवीकडे लियोंच्या बाजूचे डोंगर, डावीकडे मार्सेय आणि एग-मोर्तचा समुद्र, खाली रोन नदी. पिरेनीज दिसले नाहीत. मध्ये कोणता अडथळा होता म्हणून नव्हे, माणसाची दृष्टीच तोकडी म्हणून, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. मात्र हे सारे वर्णन पत्राच्या अगदी थोड्या ओळींत आटोपते. लगेच तो स्वतःच्या आयुष्याकडे वळतो: बोलोन्या सोडून दहा वर्षे झाली, मनातील एक जुनी आसक्ती अजून पुरती सुटलेली नाही. मग बरोबर आणलेली सेंट ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'ची चिमुकली प्रत तो सहज उघडतो आणि दहाव्या खंडातील नेमके ते स्थळ समोर येते, जिथे बाहेरच्या भव्यतेत, आणि त्यातही पर्वतशिखरांच्या भव्यतेत, हरवून स्वतःला विसरणाऱ्या माणसांचा निर्देश आहे. तो पुस्तक मिटतो, आपण अजूनही ऐहिक गोष्टींचे कौतुक करतो आहोत याचा त्याला राग येतो, आणि खाली पोहोचेपर्यंत तो एक शब्दही बोलत नाही.

बुर्कहार्ट यांच्या मांडणीतील अडचण येथेच आहे. निसर्गसौंदर्याचा शोध म्हणून गौरवल्या गेलेल्या या चढाईची परिणती निसर्गाकडे पाठ फिरवण्यात होते. बुर्कहार्ट यांच्यासारख्या सूक्ष्मदर्शी अभ्यासकाच्या नजरेतून ऑगस्टीनचा प्रसंग सुटणे शक्यच नव्हते, तो त्यांनी नोंदवलाही आहे. पण त्यांचा भर चढण्यावर राहिला, आणि त्यांच्यामागून आलेल्या पाठ्यपुस्तककारांनी तर उतरणच गाळून टाकली.

दुसरी अडचण पत्राच्या तारखेची. रात्री चंद्रप्रकाशात सराईत परतल्यावर नोकर जेवण करीत असताना आपण हे पत्र घाईने लिहिले, असे पेत्रार्क म्हणतो. पहाटेपासून चाललेल्या माणसाने स्वयंपाकाच्या अवधीत व्हर्जिल, ओव्हिड, लिव्ही, बायबल आणि ऑगस्टीन यांच्या अवतरणांनी सजलेले असे रेखीव लॅटिन लिहावे, हे कोणत्याही लेखकाला अशक्यच वाटेल. इटालियन संशोधक ज्युझेप्पे बिल्लानोविच यांनी १९६६ साली या पत्राची रचना सुमारे १३५३ ची, म्हणजे चढाईनंतर सतरा वर्षांची, असल्याचे प्रतिपादन केले आणि ते आज बहुतेकांनी स्वीकारले आहे. पत्र ज्यांना उद्देशून आहे ते दिओनिजी हे ऑगस्टीन पंथीय साधू. 'कन्फेशन्स'ची ती प्रत त्यांनीच पेत्रार्कला दिली होती. १३४२ मध्येच ते निवर्तले होते. व्हेरोना येथे १३४५ साली सिसेरोची पत्रे सापडल्यानंतर पेत्रार्कने आपल्या पत्रांचा संग्रह सिद्ध करायला घेतला. पुढे तो चोवीस खंडांचा झाला. त्यात आयुष्याचा आलेख पुरा व्हावा म्हणून जुन्या तारखांची काही पत्रे नव्याने रचली गेली. व्हांतूचे पत्र चौथ्या खंडाच्या आरंभी आहे.

तारीखही बोलकी आहे. २६ एप्रिल १३३६ हा शुक्रवार होता, आणि ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाच्या वाराचे महत्त्व पेत्रार्कला किती वाटे, हे त्याच्या काव्याच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. मिलानच्या बागेत ऑगस्टीनचे हृदयपरिवर्तन झाले तेव्हा त्याचे बत्तिसावे वर्ष चालू होते. पेत्रार्कचेही त्या एप्रिलमध्ये बत्तिसावेच चालू होते. तिथे सेंट पॉलचे पत्र उघडले गेले आणि शेजारी मित्र अलिपियस होता. इथे ऑगस्टीन उघडला गेला आणि शेजारी भाऊ होता. इतके जुळणे आयुष्यात क्वचितच घडते, रचनेत मात्र घडवता येते. चंद्रप्रकाशाबाबत तेवढे पेत्रार्कच्या बाजूने सांगायला हवे. त्या वर्षी ईस्टर ३१ मार्चला आला होता, आणि ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी असतो. तिथी मोजायची सवय असलेल्या आपल्या वाचकाला पुढची पौर्णिमा एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात पडते, हे लगेच कळेल.

पण रचनेचा सर्वांत खोल ठसा गेरार्दोच्या चित्रणात आहे. १३४३ साली गेरार्दोने संसार सोडून मोंत्रिय येथील कार्थुसियन मठात प्रवेश घेतला. १३४८ च्या प्लेगात त्याच्या मठातले सर्व साधू गेले, त्यांना मूठमाती देत तो एकटाच मागे राहिला. पेत्रार्क १३४७ मध्ये आणि पुन्हा १३५३ च्या वसंत ऋतूत त्याला भेटून आला. त्यानंतर लवकरच त्याने प्रोव्हान्स कायमचे सोडले. बिल्लानोविच यांनी पत्रासाठी सुचवलेला काळ नेमका हाच. धाकटा भाऊ सरळ धारेने वर चढतो आणि थोरला दऱ्यांत भटकतो, हे १३३६ मध्ये केवळ डोंगरावर घडले असेल. १३५३ मध्ये ते दोघांच्या आयुष्यांबाबत खरे ठरले होते. मग पत्रातील रूपकाला कृत्रिम कसे म्हणावे? एका भावाने दुसऱ्यापुढे दिलेली ती कबुली आहे, आणि माझ्या मते या पत्राचा जिवंत गाभा निसर्गवर्णनात नसून येथे आहे.

तर मग चढाई झालीच नाही, असे म्हणणारेही अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही. मागाहून लिहिलेले म्हणजे खोटे, असा नियम लावला तर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'ही बाजूला सारावा लागेल. १८५७ च्या धामधुमीत पाहिलेले भटजींनी पाव शतकानंतर कागदावर उतरवले आणि चिं. वि. वैद्य यांच्या हातून ते १९०७ साली प्रसिद्ध झाले. तरी त्यातील वाटा, मुक्काम आणि उपासमार यांच्यावर आपण विश्वास ठेवतो, कारण कथेला ज्यांची गरज नाही असे तपशील त्यात विखुरलेले आहेत. व्हांतूच्या पत्रातही असे तपशील आहेत. फिलिओलस हे स्थानिक नाव कोणत्याही रूपकात बसत नाही. दोन नोकर आत्म्याच्या प्रवासात कशाचेच प्रतीक नाहीत. आणि कल्पनेनेच पाहायचे असते, तर पिरेनीज दाखवायला पेत्रार्कला कोणाची आडकाठी होती? जे दिसले नाही ते दिसले नाही म्हणून लिहिणारा माणूस बहुधा तिथे उभा राहिलेला असतो.

राहिला प्रश्न 'पहिलेपणा'चा. आरागोनचा राजा तिसरा पेद्रो तेराव्या शतकात कानिगू शिखरावर गेला, अशी कथा बखरकार सालिंबेनेने दिली आहे; तिथे त्याला सरोवर आणि त्यातून निघालेला अजगर भेटतो, म्हणून ती कोणी फारशी मनावर घेत नाही. खुद्द व्हांतूवर पॅरिसचा तत्त्वज्ञ झाँ ब्युरिदान पेत्रार्कच्या आधी जाऊन आल्याकडे लिन थॉर्नडाइक यांनी १९४३ मध्ये लक्ष वेधले. त्याला हवेच्या थरांविषयीच्या प्रश्नांत रस होता. पण या नावांचीही गरज नाही. पेत्रार्कच्या स्वतःच्याच पत्रात त्याच्या आधी चढलेला माणूस हजर आहे. धनगराने दिलेला पन्नास वर्षांचा आकडा मानला तर त्याची चढाई १२८६ च्या सुमाराची ठरते, आणि तो सांगतो त्यावरून तिला कोणतेही व्यावहारिक प्रयोजन नव्हते. मेंढ्या काही त्या दगडांत चरत नाहीत. तरुण वयातील उमेद, एवढेच कारण. 'केवळ पाहण्याच्या इच्छेने' हा गुण आधुनिकतेचे लक्षण मानायचा असेल, तर तो मान या निनावी म्हाताऱ्याकडे जातो. त्याच्याकडे लॅटिन नव्हते, आणि त्याचा अनुभव पत्रात फक्त इशाऱ्यापुरता आला. आपल्याकडे डोंगरमाथा बहुधा आधीच कुणा देवतेचा असतो आणि वर जाणारा दर्शनाला जातो, त्यामुळे 'पहिला कोण' हा प्रश्न आपल्याला थोडा चमत्कारिक वाटतो. व्हांतूच्या माथ्यावरही पंधराव्या शतकात क्रूसाचे प्रार्थनामंदिर उभे राहिले आणि लोक तिथे यात्रेला जाऊ लागले.

पुढच्या चढाया वेगळ्या होत्या. कीटकशास्त्रज्ञ झाँ-आंरी फाब्र १८६५ च्या ऑगस्टमध्ये तेविसाव्यांदा व्हांतू चढला तेव्हा त्याची नजर उंचीप्रमाणे बदलत जाणाऱ्या वनस्पतींवर होती. १८८० च्या दशकात माथ्यावर वेधशाळा बांधली गेली. 'कन्फेशन्स'ची ती झिजलेली प्रत पेत्रार्कने आयुष्याच्या अखेरीस लुइजी मार्सिली या तरुण ऑगस्टीन पंथीय साधूला देऊन टाकली. गेरार्दो भावानंतरही मठात होता. त्याने त्या दिवसाविषयी लिहिलेले काही आपल्यापर्यंत आलेले नाही. आणि पत्रातील धनगर उतरणीवर पुन्हा भेटत नाही. पहाटे त्याच्याकडे सोपवलेले कपडे परत घेतल्याचा उल्लेख पेत्रार्कने केलेला नाही.