खाडाखोड

खातेवहीत खाडाखोड केली की शेजारी साहेबांची सही हवी, हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी आमच्या डोक्यात ठोकून बसवलेलं. त्यामुळे खुद्द बँक ऑफ इंग्लंडने चांदीवर केलेली खाडाखोड वाचली तेव्हा मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

१७९७ साली या बँकेने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. चांदीच्या नाण्यांचीही टंचाई. हाताशी होते ते स्पॅनिश डॉलर! मग स्पेनच्या राजाच्या मानेवर आपल्या तिसऱ्या जॉर्जचं चिमुकलं डोकं ठोकून तेच चालवले. लोकांनी टिंगल केली, ती एक वेळ सोसता येते. पण बनावट शिक्के निघाले. शेवटी १८०४ मध्ये बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने त्याच डॉलरांवर यंत्राने सबंध नवा छाप मारला. एका बाजूला जॉर्ज, दुसरीकडे ब्रिटानिया आणि 'पाच शिलिंग'.

पण स्पेनचे राजेसाहेब चिवट! नाणं तिरप्या उजेडात धरा आणि सावकाश फिरवत राहा, कारण जुना छाप कुठल्याही कोनात आडवातिडवा पडलेला असतो. जॉर्जच्या गालाआडून 'कॅरोलस'मधलं एखादं अक्षर डोकावतं, कुठे जुन्या सालाचा आकडा. नशीब जोरावर असेल तर 'एम'च्या डोक्यावर बारीकसा 'ओ' दिसतो. म्हणजे स्वारी मेक्सिकोच्या टांकसाळीतली.

१८११ मध्ये चांदी महागली, तेव्हा बँकेने हाच डॉलर साडेपाच शिलिंगांना चालवला. नाण्यावर पाचच राहिले. ही दुरुस्ती तर सहीवाचूनच!