रेजिमेंटचे दार कुणासाठी उघडे?

सैन्यात जात नसते असे सांगणारी मंडळी महार रेजिमेंटचे नाव निघाले की लगेच विचारतात, "मग तुमच्या जातीची रेजिमेंट कशाला?" राजपूत रेजिमेंट, जाट रेजिमेंट, मराठा लाइट इन्फंट्री या नावांबद्दल मात्र त्यांना हा प्रश्न पडत नाही. मित्रांनो, या प्रश्नाला चिडून उत्तर देण्यापेक्षा इतिहासाने उत्तर द्यायला शिका.

मुंबई इलाख्याच्या लष्करातील जुन्या पलटणी मिश्र होत्या. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली कोरेगावला लढलेली बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन हीसुद्धा मिश्रच होती. विजयस्तंभावरील ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार होते. "पाचशे महार" ही घोषणा सभेत चालते, पण खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. गावकुसाबाहेर ठेवलेला माणूस त्या पलटणीत इतरांच्या रांगेत, त्याच गणवेशात उभा होता. त्याच शिडीने चढून तो सुभेदारही होत होता, आणि सुभेदाराचा हुकूम सवर्ण शिपायालाही पाळावा लागत होता.

हेच पुढे खुपले. १८५७ नंतर इंग्रजांनी सैन्याची फेरमांडणी सुरू केली. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती होता आणि 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत त्याने धोरण म्हणून रेटला. अमुक जमाती जन्मतः शूर, तमुक भित्र्या. मनुस्मृतीला आणखी काय हवे होते? मिश्र पलटणी मोडून जातवार कंपन्या आणि जातवार रेजिमेंटा करण्यात आल्या. आता डाव लक्षात घ्या. भरती जातवार झाली, पण महारांच्या नावाची रेजिमेंटच ठेवली नाही. १८९२ च्या सुमारास दार बंद झाले. शौर्य कमी पडले म्हणून ते बंद झाले नाही, तक्त्यातून रकानाच काढून टाकला गेला.

त्या रकान्याबरोबर काय गेले ते पहा: रोख पगार, पेन्शन आणि छावणीतली शाळा. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या छावणीतला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवत होते. एका पिढीनंतर जन्मलेल्या मुलांना ती वाटच उरली नाही.

म्हणून आपल्या चळवळीच्या पहिल्या अर्जांमध्ये सैन्यभरतीचा अर्ज आहे. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये तो केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये पुन्हा केला. सरकारला माणसे कमी पडली ती पहिल्या महायुद्धात. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. दुसरे महायुद्ध आले. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कोरेगावचा स्तंभ होता. चमार रेजिमेंटचे नशीब मात्र तसे नव्हते. ती १९४३ मध्ये उभी राहिली, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली आणि १९४६ मध्ये बरखास्त झाली.

स्वातंत्र्यानंतर? १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्स ही सर्व जाती-प्रांतांची रेजिमेंट उभी राहिली. महार रेजिमेंटही १९४६ मध्ये मशीनगन रेजिमेंट झाली, साठच्या दशकात पुन्हा पायदळ झाली, आणि या वाटचालीत तिच्यात निरनिराळ्या प्रांतांचे, निरनिराळ्या समाजांचे जवान आले. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. १९८७ मध्ये श्रीलंकेत शहीद झालेले परमवीर चक्र विजेते मेजर परमेश्वरन ८ महारचे. अधिकाऱ्याला कोणत्याही रेजिमेंटमध्ये जाता येते हे खरे. जातीची अट लागते ती जवानाला, म्हणजे गरिबाच्या पोराला. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात हिंदू राजपूत, हिंदू जाट आणि जाट शीख यांनाच घेण्याच्या पद्धतीवर न्यायालयात याचिका झाल्या आहेत. म्हणजे आपल्या नावाचे दार सगळ्यांना उघडे आणि त्यांच्या नावाची दारे आपल्याला बंद!

चमार रेजिमेंट पुन्हा उभी करा, अशी मागणी आपल्यातले काही जण करतात. तिच्या सैनिकांचा सन्मान झालाच पाहिजे. पण नव्या जातीय रेजिमेंटची मागणी म्हणजे रॉबर्ट्सच्या तक्त्यात आणखी एक रकाना मागणे. मला ते पटत नाही. रेजिमेंटांची नावे, निशाणे, युद्धघोष खुशाल राहू द्या, जवानाच्या भरतीतला जातीचा रकाना काढा. पुढच्या भरती मेळाव्याआधी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका: कोणत्या रेजिमेंटच्या किती जागा कोणत्या समाजासाठी राखल्या आहेत, आणि कोणत्या नियमाने?