५० किलोचा साउंड मिक्सर कशावर ठेवायचा? टिल्टिंग स्टँड घेताना या गोष्टी आधी बघा

रात्री दहाला स्पीकर बंद होतात. पब्लिक चपला आणि रिक्षा शोधत बाहेर पडतं. त्याच वेळी मंडपाच्या मागच्या टोकाला चार पोरं एका टेबलाभोवती उभी राहतात, कुणीतरी "एक, दोन, तीन, हं!" म्हणतं आणि टेबलावरचा भलामोठा मिक्सर उचलून खाली उघड्या ठेवलेल्या पेटीत बसवला जातो. अख्ख्या सेटअपमधली बहुतेक सगळ्यात महाग वस्तू, आणि ती हलवतात दिवसभर राबून थकलेले हात.

कार्यक्रमाला गेल्यावर आपलं लक्ष स्टेजकडे असतं, त्यामुळे हा मिक्सर कशावर ठेवलाय हे कुणी बघत नाही. मीही कधी बघितलं नव्हतं. पण आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला मिक्सर चक्क कीबोर्डच्या एक्स आकाराच्या स्टँडवर ठेवला होता. सबवूफर वाजले की तो बारीक थरथरायचा आणि ऑपरेटर दादा अर्धा वेळ एका हाताने फेडर आणि दुसऱ्या हाताने स्टँड धरून उभे होते. पडला नाही, हे नशीब. कीबोर्ड स्टँड लांब, हलक्या वस्तूसाठी असतो. खोल आणि मागून जड असणाऱ्या मिक्सरसाठी तो नाहीच.

यावर उपाय म्हणून जे मिळतं त्याला टिल्टिंग स्टँड किंवा फ्लिप केस म्हणतात. मिक्सर प्रवासात पुस्तकासारखा कडेवर उभा राहतो, खाली चाकं असतात. जागेवर आल्यावर झाकण काढायचं, मिक्सर झुलवून आडवा करायचा, लॉक लावायचा आणि वायरी जोडायच्या. कुणी उचलायचं नाही, वेगळं टेबलही नको.

वजन किती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा आणि लग्नांच्या कामात खूप दिसणारा बेहरिंगरचा एक्स३२ साधारण २०.६ किलोचा आहे. दोन जण आरामात उचलतात. त्याच्यासाठी टिल्टिंग स्टँड ही सोय आहे, गरज नाही. यामाहाचा सीएल५ ३६ किलोचा. २००५ साली आलेला आणि अजूनही रेंटलवाल्यांकडे टिकून असलेला यामाहा एम७सीएल-४८ पूर्ण ५० किलोचा, रुंदी सव्वा मीटरच्या वर. आणि पीएम५डी-आरएच तर ९८ किलो, म्हणजे दोन पोती सिमेंट.

तुलनेसाठी, अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचं वजन उचलण्याचं जे सूत्र आहे, त्यात सगळी परिस्थिती अनुकूल असताना एका माणसासाठी धरलेला आकडा २३ किलो आहे. वस्तू शरीराच्या जवळ, कमरेच्या उंचीला, न वळता, दोन्ही हातांची नीट पकड, असं सगळं जुळलं तर. मिक्सर उचलताना यातलं काहीच जुळत नाही. तो अंगापासून लांब असतो, पकडायला धड जागा नसते आणि पेटीत ठेवताना सगळे वाकलेले असतात. कंबर जाते ती इथे.

पण स्टँड घेताना फक्त मिक्सरचं वजन सांगून चालत नाही. ज्या ट्रेमध्ये किंवा केसमध्ये तो बसतो तिचं वजन, वर लावलेला लॅपटॉप, दिवे, मागे लटकणाऱ्या केबल, हे सगळं स्टँडवरच येतं. प्लायवूड आणि ॲल्युमिनियमची दणकट केस कधी कधी मिक्सरच्याच वजनाची भरते. त्यामुळे ५० किलोचा मिक्सर आहे म्हणून ६० किलो क्षमतेचा स्टँड घेतलात तर तो पहिल्याच दिवशी काठावर असेल. आणि विकणारा जो आकडा सांगतो तो स्टँड नुसता आडवा उभा असतानाचा आहे की झुलवतानाचा, हे स्पष्ट विचारा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

खरा खेळ तोलाचा आहे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हा: स्टँड कुठल्या रेषेवर झुलतो, आणि मिक्सरचा गुरुत्वमध्य कुठे आहे? शाळेत विज्ञानात शिकलो तोच गुरुत्वमध्य. सीसॉच्या मधोमध बसलेल्या पोराला वरखाली करायला जोर लागत नाही, टोकाला बसलेल्याला लागतो. इथेही तसंच.

मिक्सरचा गुरुत्वमध्य बरोबर मध्ये असेल असं समजू नका. स्क्रीन, पॉवर सप्लाय, सॉकेटची पाटी बहुतेक मागच्या बाजूला असते. तो शोधायचा घरगुती मार्ग आहे. घरात वापरतो तसले दोन वजनकाटे घ्या. एक मिक्सरच्या पुढच्या कडेखाली, एक मागच्या कडेखाली. समजा ५० किलोचा आणि ७० सेंटीमीटर खोल मिक्सर आहे. पुढचा काटा २० दाखवतो आणि मागचा ३०. मग ३० भागिले ५० गुणिले ७०, म्हणजे पुढच्या कडेपासून ४२ सेंटीमीटरवर गुरुत्वमध्य. मधोमध असता तर ३५ आला असता. ट्रेसकट झुलवणार असाल तर ट्रेसकट मोजा.

आता याच मिक्सरसाठी तीन स्टँड कल्पून बघा. पहिला मागच्या कडेवर बिजागरीने फिरतो. पुढची कड हलवायला सुरुवातीला २० किलोचा जोर लागेल, अगदी काट्यावर दिसला तेवढा. दुसरा मधोमध झुलतो. गुरुत्वमध्य तिथून सात सेंटीमीटर मागे आहे, त्यामुळे पुढच्या कडेवर १० किलो. तिसऱ्याची रेषा गुरुत्वमध्यातून जाते, तिथे जवळपास काहीच नाही, फक्त घर्षण.

यात एक खोच आहे. हा हिशोब मिक्सर आडवा असतानाचा. झुलण्याची रेषा मिक्सरच्या बुडाखाली असेल तर आडवा असताना तोल बरोबर वाटतो, पण थोडा तिरका झाला की वरचं वजन एका बाजूला पळायला लागतं आणि जितका कलतो तितकं जास्त ओढतं. "हलका आहे" म्हणून एकाने सोडला आणि दाणकन उभा झाला, असं होतं ते यामुळे. म्हणून चांगल्या डिझाइनमध्ये पिव्हट मिक्सरच्या दोन्ही बाजूंना, त्याच्या जाडीच्या साधारण मधोमध असतो, बुडाखाली नाही. दुकानात बघायचं झालं तर मिक्सर बसवून स्टँड अर्ध्यात आणा, साधारण ४५ अंशांवर, आणि हात सैल करा (पूर्ण सोडू नका!). जागेवर राहिला तर उत्तम. कुठल्याही बाजूला जोरात ओढला तर पिव्हटची जागा बदलून मागा.

गॅस स्ट्रट असला की झालं का?

तयार फ्लिप केसमध्ये गॅस स्ट्रट येतात. कारच्या डिकीचं दार वर धरून ठेवतात तेच. अमेरिकेतल्या प्रोएक्स कंपनीच्या 'फ्लिप-रेडी' केसेस या प्रकारातल्या आहेत आणि त्या ठरावीक मिक्सर मॉडेलसाठीच बनतात. कारण सरळ आहे, स्ट्रटचा जोर वजनाशी जुळवावा लागतो. ५० किलोसाठी बसवलेला स्ट्रट २० किलोच्या मिक्सरखाली लावला तर मिक्सर उसळून वर येईल. उलट केलं तर स्ट्रट असून नसल्यासारखा. पुढच्या वर्षी मिक्सर बदलायचा विचार असेल तर हे आजच लक्षात घ्या. स्ट्रट बदलून मिळतात का आणि त्यावर न्यूटनमध्ये आकडा छापलाय का, ते बघा.

शिवाय आतला गॅस तापमानाप्रमाणे वागतो. १० अंशांचा फरक पडला की जोरात साधारण साडेतीन टक्के फरक. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तोच स्टँड जरा वेगळा लागतो तो म्हणून. हा फरक चालवून घेता येतो. पण स्ट्रट म्हणजे लॉक नव्हे, हे मात्र पक्कं. त्यातला गॅस वर्षानुवर्षं हळूहळू कमी होतो, आणि ज्या दिवशी तो पुरेनासा होतो तो दिवस आधी कळवून येत नाही.

लॉक दोन्ही बाजूंना हवा, आणि तो भोकात खटकन बसणारा पिनेचा हवा. नॉब पिळून आवळायचा लॉक घर्षणावर चालतो. शेजारी सबवूफर तीन तास धडधडत असताना घर्षणावर विसंबायची माझी तरी तयारी नाही. लॉक आडव्या स्थितीत लागतो तसाच उभ्या स्थितीतही लागतो ना, हेही बघा. टेम्पोत तो उभाच असणार आहे.

दार, चाक आणि छोटा हत्ती

टिल्टिंग स्टँडचा दुसरा मोठा फायदा दारात कळतो. ७० सेंटीमीटर खोल मिक्सर केससकट आडवा नेला की ८०-८५ सेंटीमीटर जागा खातो. बऱ्याच हॉलच्या मागच्या दारातून तो मावत नाही, मग पुन्हा "एक, दोन, तीन". उभा केला की तोच ४०-५० सेंटीमीटरमध्ये जातो. छोटा हत्तीतही जमिनीवरची जागा वाचते. पण उंच आणि अरुंद वस्तू घाटाच्या वळणावर आडवी व्हायला टपलेलीच असते, त्यामुळे केसला पट्टा अडकवायला कड्या आहेत का बघा आणि गाडीच्या बाजूच्या रेलिंगला रॅचेट पट्ट्याने आवळा. नुसती सुतळी नको.

चाकांबाबत कंजुषी करू नका. फ्लाइट केसला असतात तशी १०० मिलिमीटरची चाकं किमान, निदान दोघांना ब्रेक. छोटी चाकं हॉलच्या फरशीवर छान पळतात आणि मंडपातल्या मॅटिंगवर रुततात. क्षमतेचा हिशोब करताना एकूण वजन चारने नाही, तीनने भागायचं, कारण उंचसखल जमिनीवर एक चाक बहुतेक वेळा हवेतच असतं. मिक्सर, केस, स्टँड मिळून १२० किलो होत असतील तर प्रत्येक चाक ४० किलो सहज पेलणारं हवं, आणि खड्डे-उंबरठ्यांचे धक्के धरून त्याच्या दुप्पट. मातीवर काम असेल तर खाली प्लायवूडचा एक तुकडा टाका.

पायांचा पसाराही बघा. झुलताना वजन पुढेमागे सरकतं. ते पूर्ण वेळ चार चाकांच्या चौकटीच्या आत राहायला हवं. काही स्टँडना बाहेर ओढायचे जादा पाय असतात. ते ओढले नाहीत तर स्टँड झुलूच नये अशी रचना असेल तर फारच छान, कारण घाईत ते विसरले जातातच.

उंचीचं गणित घरच्या ओट्यावरून करा. उभं राहून काम करणाऱ्याला पुढची कड ८५-९० सेंटीमीटरवर बरी पडते, स्वयंपाकघराच्या ओट्याएवढी. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत किंवा नाट्यगृहात ऑपरेटर बसून काम करत असेल तर ७०-७५ हवी, नाहीतर मागच्या रांगेतला माणूस ओरडणार. बऱ्याच फ्लिप केसेसची उंची बदलता येत नाही, हे घेताना सांगत नाहीत.

मिक्सर उभा असताना कशावर टेकतो?

ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा सुचली. आडवा असताना मिक्सर त्याच्या रबरी पायांवर असतो. उभा केला की ते पाय बिनकामाचे आणि सगळं वजन एका कडेवर. ती कड सॉकेटची असेल तर फोमला तिथे खाच हवी, म्हणजे भार पत्र्याच्या सांगाड्यावर जाईल, सॉकेटवर नाही. पुढची असेल तर फेडरच्या नॉबना झाकण टेकत नाही ना बघा. पंख्याची जाळी फोमने झाकली जाता कामा नये. मिक्सरच्या मॅन्युअलमध्ये उभा ठेवण्याबद्दल काही सूचना असेल तर ती स्टँडची ऑर्डर देण्याआधी वाचा.

आपल्याकडे अनेक जण हा स्टँड स्थानिक फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकोनी पाइपमध्ये बनवून घेतात. त्यात गैर काही नाही; मापं तुमच्या मिक्सरची होतात आणि वेल्डिंग तुटलं तर तालुक्याच्या गावातही दुरुस्त होतं. फक्त फॅब्रिकेटरला वजनासोबत वजनकाट्यांवर काढलेला गुरुत्वमध्यही कागदावर लिहून द्या. फिरणाऱ्या जागी नुसता बोल्ट नको, बेअरिंग किंवा बुश मागा. आणि पहिली चाचणी मिक्सरवर करू नका. तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या ट्रेमध्ये बांधून वीस-पंचवीस वेळा उभा-आडवा करा, पिनेची भोकं लांबट झालीत का बघा. तयार केस घ्यायची असेल तर मुंबईत गोरेगावला भरणाऱ्या पाम एक्स्पोमध्ये असा माल हाताळून बघायची संधी मिळू शकते.

झुलवताना दोन माणसं ठेवा, स्टँड कितीही हलका चालत असला तरी. पीएम५डीसारख्या वजनाला तर एकट्याने हात लावूच नये. आधी पॉवर बंद, मागच्या सगळ्या वायरी काढलेल्या, बोटं बिजागरीपासून लांब, आणि "सोड" असं एकानेच म्हणायचं. दोघांनी म्हटलं की गोंधळ होतो.