पाट्याला हवेची जोड

पिकअपच्या मागच्या चाकांजवळ, चासी आणि अ‍ॅक्सल यांच्या मधल्या जागेत, न सोललेल्या नारळाएवढ्या दोन रबरी पिशव्या बसवतात आणि त्यांत हवा भरतात. मूळचे पोलादी पाटे जागेवरच राहतात; या पिशव्या त्यांच्या भाराचा काही वाटा उचलतात. हौद्यात माल चढला की हवा वाढवायची, माल उतरला की कमी करायची. जोडणी एवढी साधी असली, तरी ती घडायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. तिच्या मुळाशी एकच अडचण आहे: पिकअप सकाळी रिकामी धावते आणि दुपारी भरून येते, पण पोलादी स्प्रिंग या दोनपैकी एकाच अवस्थेसाठी बेतता येते.

मराठीत गाडीच्या स्प्रिंगला पूर्वीपासून कमान म्हणतात. हा शब्द फारसीतला असून त्याचा मूळ अर्थ धनुष्य. बाकदार पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगला हे नाव चपखल बसते. त्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. इंग्लंडमध्ये ओबाडाया एलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले आणि पुढे मोटारींनीही कमानी उचलल्या. पाटा स्वस्त आणि दणकट असतो, शिवाय अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवण्याचे कामही तोच करतो. मात्र त्याचा ताठपणा एकदा ठरला की ठरला. भरलेल्या गाडीसाठी जाड पाटे घातले, तर रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात उसळते. रिकाम्या गाडीसाठी मऊ पाटे घातले, तर माल चढताच ती मागे बसते.

हवेचे तसे नाही. हवा दाबली की तिचे आकारमान ज्या प्रमाणात घटते, त्याच प्रमाणात तिचा दाब वाढतो, हा नियम रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली मांडला. म्हणजे हवेची स्प्रिंग जितकी दाबावी तितकी ताठ होत जाते. त्याहून महत्त्वाचे हे की वाढलेल्या भारासाठी आत आणखी हवा भरली, तर गाडीची उंची पूर्ववत होते आणि स्प्रिंगचा ताठपणाही भाराच्या जोडीने वाढतो. त्यामुळे रिकामी आणि भरलेली गाडी जवळजवळ एकाच लयीत हलते. पोलादाला हे जमत नाही.

नियम माहीत असला, तरी हवा कोंडून ठेवणारे भांडे नव्हते. चामडे झिरपते आणि कच्चे रबर थंडीत कडक, उन्हात चिकट होते. चार्ल्स गुडइयर याने गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ केले आणि १८४४ साली अमेरिकेत त्याचे पेटंट मिळवले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४७ साली, जॉन लुइस याला रेल्वेच्या डब्यांसाठी हवेच्या स्प्रिंगचे पेटंट मिळाले. १९०१ साली विल्यम हम्फ्रीज याने गाड्यांसाठी तशीच कल्पना नोंदवली. पण कागदावरची कल्पना रस्त्यावर टिकण्यासाठी दोऱ्यांच्या जाळीने मजबूत केलेले रबर हवे होते आणि ते दुसऱ्याच धंद्यात तयार होत होते. डनलॉपच्या १८८८ मधल्या हवेच्या टायरनंतर रबर आणि दोरा एकजीव करण्याचे तंत्र पुढे गेले. हवेची स्प्रिंग ही त्या अर्थाने टायरची धाकटी बहीण आहे: तेच रबर, तसाच दोरा, आणि हवा भरायला ऑगस्ट श्रेडर याने १८९३ साली पेटंट घेतलेल्या व्हॉल्व्हच्याच घराण्यातला व्हॉल्व्ह.

फ्रान्समध्ये जॉर्ज मेसिए याने १९२०च्या दशकात पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेवर तरंगणाऱ्या मोटारी बनवून विकल्या. त्याचे नाव पुढे विमानांच्या चाकांच्या यंत्रणेशी जोडले गेले. अमेरिकेत १९३०च्या दशकात फायरस्टोन या टायर कंपनीने रबरी भात्यांवर प्रयोग सुरू केले. मोटारींवर चाचण्या झाल्या, पण खर्च परवडेना. खरी गरज बसला होती, कारण बस कधी चार प्रवासी घेऊन धावते, तर कधी चाळीस. जनरल मोटर्सच्या पीडी-४१०४ या बसमध्ये १९५३ साली आणि ग्रेहाउंडच्या सीनिक्रूझरमध्ये १९५४ साली हवेच्या स्प्रिंगा आल्या. बसमध्ये हवेच्या ब्रेकसाठी कॉम्प्रेसर आणि टाकी असतेच. त्याच टाकीतून स्प्रिंगला हवा मिळाली. अ‍ॅक्सलला जोडलेला एक दांडा बस खाली बसताच व्हॉल्व्ह उघडतो आणि वर येताच हवा सोडतो, त्यामुळे उंची आपोआप सांभाळली जाते. आपल्याकडे मुंबई-पुणे मार्गावरच्या शिवनेरी बसचा सुखद प्रवास याच तत्त्वावर चालतो. अशा पिशव्यांना गॅरेजमध्ये ‘बलून’ म्हणतात.

बसचे यश पाहून जनरल मोटर्सने १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूममध्ये हवेच्या स्प्रिंगा दिल्या आणि १९५८ साली अमेरिकेत इतर मोटारींसाठीही तो पर्याय खुला झाला. तो फार टिकला नाही. हवा गळायची, व्हॉल्व्हमध्ये ओलावा साचायचा, सकाळी गाडी एका बाजूला कललेली दिसायची. अनेक मालकांनी ती यंत्रणा काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. घरच्या मोटारीत भाराचा चढउतार थोडाच असतो. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कोणाला परवडला नाही.

पिकअपची गोष्ट वेगळी होती. फोर्डने १९२५ साली मॉडेल टी गाडी कारखान्यातच हौदा बसवून २८१ डॉलरला विकायला काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशाच गाड्यांच्या हौद्यावर राहुट्या चढल्या आणि मागे घोड्यांचे व होड्यांचे ट्रेलर लागले. ट्रेलरच्या वजनाचा सुमारे १० ते १५ टक्के भार जोडाच्या गोळ्यावर येतो, म्हणजे ३,००० किलोचा ट्रेलर ३०० ते ४५० किलो टाकतो. हा गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असल्याने तरफेसारखे घडते: मागची बाजू दबते आणि पुढची उचलली जाते. पुढच्या चाकांवरचा भार घटल्याने स्टिअरिंग हलके पडते, तर दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मिशिगनमधल्या लान्सिंग शहरात १९४९ साली सुरू झालेल्या एअर लिफ्ट कंपनीने यावर सोपी तोड काढली. मोटारीच्या गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये मधोमध जी पोकळी असते, तिथेच रबरी पिशवी बसवून हवा भरायची. कॉम्प्रेसर नको, आपोआप चालणारा व्हॉल्व्ह नको. पेट्रोल पंपावर टायरमध्ये भरतात तशी हवा भरली की झाले. १९६० साली शेव्हर्लेच्या हलक्या पिकअपना मागे गुंडाळीच्या स्प्रिंगा मिळाल्या, तेव्हा ही युक्ती त्यांनाही लागू पडली. पाट्यांच्या गाड्यांत मात्र अशी पोकळी नसते. त्यांच्यासाठी पिशवी बाहेर, चासी आणि अ‍ॅक्सल यांच्या मधोमध आली आणि तिला दोन वळ्यांच्या भात्याचा आकार मिळाला.

बसवणीची पद्धत आज बहुतेक ठिकाणी एकसारखीच आहे. आधी रिकाम्या गाडीच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवतात. मग चासीला जॅक आणि स्टँड देऊन अ‍ॅक्सल खाली लोंबू देतात. चासीखालचा रबरी ठोकळा काढून त्याच्या जागी वरची पट्टी बसते. खालची पट्टी यू-बोल्टने पाट्यांच्या जुडग्यावर आवळतात आणि दोन्हींच्या मध्ये भाता येतो. हवेची नळी सायलेन्सरपासून दूर नेऊन तिचा व्हॉल्व्ह नंबरप्लेटजवळ आणतात. शेवटी हवा भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावतात. जिथे बुडबुडे उठतात, तिथली नळी काढून, टोक सरळ कापून पुन्हा बसवायची. माल चढल्यावर आधी लिहून ठेवलेली उंची परत येईपर्यंत हवा भरतात.

हिशेबही टायरच्याच भाषेत होतो. भात्याचे परिणामी क्षेत्रफळ २५ चौरस इंच आणि हवेचा दाब दर चौरस इंचाला ४० पौंड असेल, तर एक भाता १,००० पौंड, म्हणजे सुमारे ४५० किलो उचलतो. अशा अनेक भात्यांत दाबाची कमाल मर्यादा १०० पौंड असते आणि गाडी रिकामी असली तरी निदान ५ पौंड हवा ठेवावी लागते, नाहीतर रबर दुमडून चिमटते आणि फाटते. डावी आणि उजवी नळी वेगळी ठेवणे श्रेयस्कर. दोन्ही एकत्र जोडल्या तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा पलीकडे पळते आणि गाडी अधिकच कलते.

हवा भरून गाडी सरळ उभी राहिली, म्हणून तिची भारवाहू क्षमता वाढत नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी पूर्वीचीच असतात आणि निर्मात्याने ठरवलेली एकूण वजनाची मर्यादा तशीच लागू राहते. महाराष्ट्रातल्या मालवाहू पिकअपना जास्तीचा पाटा चढवून घेण्याची रूढ पद्धत आहे. तिलाही हीच मर्यादा आहे, शिवाय तो पाटा रिकाम्या गाडीलाही कायमचा ताठ करतो. हवा मात्र माल उतरताच काढून टाकता येते.

जोडणी म्हणून आलेली ही वस्तू पुढे कारखान्यातच पोहोचली. अमेरिकेतल्या रॅम पिकअपच्या १५०० या मॉडेलवर २०१३ साली चारही चाकांना आणि २५०० वर २०१४ साली मागच्या चाकांना हवेच्या स्प्रिंगांचा पर्याय मिळाला. उंची सांभाळणारा बसचा दांडा आणि व्हॉल्व्ह यांची जागा तिथे सेन्सर आणि विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने घेतली. मोटारीत जिचे बस्तान नीट बसले नव्हते, ती हवेची स्प्रिंग भार रोज बदलणाऱ्या गाडीत मात्र रुळली.