केळ्याआड दडलेला गहू

सीलिॲक आजाराचे कारण नेदरलँड्समधल्या १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्याने उघड केले, असे सर्रास सांगितले जाते: पाव मिळेनासा झाला, खंगलेली मुले सुधारली आणि डॉ. विलेम डिके यांना गहू दिसला. गोष्ट रंगतदार खरी, पण कालक्रमात बसत नाही. हेगच्या बालरुग्णालयात डिके १९३०च्या दशकातच गहू वगळून पाहत होते. वाट अडवली होती ती आधीच्या यशाने. लंडनचे सॅम्युएल गी यांनी १८८८मध्ये आजाराचे वर्णन करून उपाय आहारातच असल्याचे बजावले. न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी १९२४मध्ये केळ्यांवर मुले सुधारल्याचे जाहीर केले. हास पाव आणि धान्ये बंदच करत, तरी श्रेय गेले केळ्याला! पथ्यात काय दिले याचीच चर्चा झाली, काय काढले याची नाही.

उपासमारीत सगळेच अन्न आटले होते, मग दोष एकट्या गव्हाला का, हा आक्षेप रास्त आहे. त्या हिवाळ्याचा पुरावा एकटा लंगडाच पडतो. निकाल लागला तो नंतरच्या मोजमापाने. डिके, वेयर्स आणि रसायनज्ञ फान दे कामर यांनी मुलांना धान्ये आलटून पालटून देऊन शौचावाटे जाणारी चरबी मोजली. गहू किंवा राय दिली की ती वाढे, तांदळाने वाढत नसे. गव्हातला स्टार्चही निर्दोष ठरला, संशय उरला ग्लूटेनवर. डिके यांचा प्रबंध १९५०चा; आतड्याच्या अस्तराला होणारी इजा इंग्लंडच्या पॉली यांनी त्यानंतर, १९५४मध्ये दाखवली.